न्यायालयातला रिकामा कॅमेरा

१३ डिसेंबर १९८१ रोजी पोलंडमध्ये लष्करी कायदा लागू झाला. 'सॉलिडॅरिटी' या स्वतंत्र कामगार संघटनेचे हजारो कार्यकर्ते उचलले गेले आणि पुढच्या काही महिन्यांत न्यायालयांसमोर खटल्यांची रांग लागली. गुन्हे कोणते? कोणी भिंतीवर घोषणा रंगवली, कोणी पत्रके वाटली, कोणी बंदी असताना संप पुकारला. एवढ्यासाठी माणसे वर्षा-दोन वर्षांसाठी आत जात होती. अशा वेळी एक चित्रपट दिग्दर्शक वॉर्सातल्या न्यायालयांत कॅमेरा घेऊन जाण्याची परवानगी मागतो. त्याला खटले चित्रित करायचे आहेत. आरोपीचा चेहरा आणि शिक्षा देणाऱ्याचा चेहरा, दोन्ही समोरासमोर टिपायचे आहेत. मोठ्या खटपटीनंतर परवानगी मिळते. बचाव पक्षाच्या वकिलांना आधी शंका येते, की हा सरकारचा माणूस तर नाही? आपल्याकडेही हीच शंका आली असती.

पण चित्रीकरण सुरू झाले आणि एक विलक्षण प्रकार घडला. ज्या दालनात कॅमेरा लागला, त्या दालनात न्यायाधीश कठोर शिक्षा देईनासे झाले. उद्या राजवट बदलली, तर आपला चेहरा हा निकाल देताना कोणाला तरी दिसेल, ही भीती त्यांना वाटली असावी. वकिलांच्या हे लक्षात आले. मग ज्यांना संशय होता तेच वकील त्या दिग्दर्शकाच्या मागे लागले, 'माझ्या खटल्याला या, माझ्याही अशिलाच्या तारखेला या.' त्याने दुसरा कॅमेरा मिळवला. पुढे पुढे तर कॅमेऱ्यात फिल्म भरण्याचीही गरज उरली नाही. रिकामा कॅमेरा उभा केला तरी काम भागत होते. तो माहितीपट कधीच तयार झाला नाही, पण काही माणसे तुरुंगाबाहेर राहिली.

हा दिग्दर्शक म्हणजे क्रिस्तॉफ किस्लोव्हस्की. आणि त्या न्यायालयांच्या पायऱ्यांवर त्यांना भेटलेला बचाव पक्षाचा वकील म्हणजे क्रिस्तॉफ पिएसेविच. पुढे या दोघांनी मिळून सतरा चित्रपटांच्या पटकथा लिहिल्या असे म्हटले तर चालेल, कारण त्यांच्या दूरदर्शन मालिकेतला प्रत्येक भाग स्वतंत्र चित्रपटच आहे. जागतिक सिनेमात एका वकिलाचा एवढा मोठा वाटा दुसरीकडे क्वचितच सापडेल. मी स्वतः वकिलीच्या व्यवसायात असल्यामुळे मला याचे अप्रूप जास्त वाटते, हे मान्य करतो.

रिकाम्या कॅमेऱ्याची गोष्ट आधी सांगितली, त्याला कारण आहे. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ मध्ये दुरुस्ती झाली आणि २६ जानेवारी २०१६ पासून ती लागू झाली. तिच्यात कलम १५-अ आले. त्याचे दहावे उपकलम सांगते, की या कायद्याखालील गुन्ह्यांच्या सर्व कार्यवाहीचे व्हिडिओ चित्रीकरण केले जाईल. हे ऐच्छिक नाही. आपल्या जिल्ह्यात, आपल्या विशेष न्यायालयात किती प्रकरणांत असा कॅमेरा लागला, किती वेळा सरकारी वकिलाने त्याची मागणी केली, किती वेळा आपण स्वतः अर्ज दिला, हे प्रत्येक कार्यकर्त्याने आणि वकिलाने तपासून पाहावे. फितूर होणारा साक्षीदार, 'जातीचा उल्लेख आठवत नाही' म्हणणारा पंच, आणि हे सारे शांतपणे ऐकून घेणारे दालन यांच्यावर कोणाची तरी नजर असली तर काय फरक पडतो, हे वॉर्सात १९८२ साली सिद्ध झालेले आहे. तेही फिल्म न भरता.

आपल्या चळवळीत अशा चित्रपटांविषयी एक तक्रार नेहमी ऐकू येते. हा सगळा फिल्म क्लबवाल्या उच्चभ्रूंचा सिनेमा, खालच्या ओळी वाचत अडीच तास बसायचे, आणि शेवटी काही घडतच नाही. आपले प्रश्न वेगळे, आपली भूक वेगळी. तक्रारीत तथ्य नाही असे नाही. ज्या मंडळींनी हा सिनेमा आपल्याकडे आणला, त्यांनी तो आपल्या वस्तीपर्यंत कधी येऊ दिला नाही. पण त्यांचा दोष दिग्दर्शकावर का टाकावा? हा माणूस गरिबीतून आला होता.

किस्लोव्हस्कींचा जन्म २७ जून १९४१ चा, वॉर्सामधला. वडिलांना क्षयरोग. त्यामुळे कुटुंब एका आरोग्यधामाच्या गावाहून दुसऱ्या गावी फिरत राहिले. पैसा नाही. सोकोलोव्हस्को नावाच्या लहान गावात सिनेमाचे तिकीट परवडत नसे, म्हणून पोरे छपरावर चढून हवेच्या झरोक्यातून पडद्याचा दिसेल तेवढा तुकडा पाहत. अग्निशमन दलाच्या प्रशिक्षण शाळेत ते काही महिने गेले आणि बाहेर पडले. लोद्झच्या नामांकित चित्रपट विद्यालयाने त्यांना दोनदा नाकारले, तिसऱ्या वेळी घेतले. १९६८ मध्ये ते तिथून बाहेर पडले आणि पुढची दहा-बारा वर्षे त्यांनी मुख्यतः माहितीपट केले.

हे माहितीपट आपल्या वाचकांनी आवर्जून पाहावेत. 'रुग्णालय' हा १९७६ चा. हाडांच्या शस्त्रक्रिया विभागातल्या डॉक्टरांची बत्तीस तासांची सलग पाळी त्यात आहे. साधने जुनाट, वीज जाते, शस्त्रक्रिया चालू असताना हातोडीच तुटते. डॉक्टर वैतागतात, हसतात आणि काम चालू ठेवतात. व्यवस्थेवर एकही शब्द न बोलता ती व्यवस्था समोर येते. 'कामगार ७१' या माहितीपटाचे उपशीर्षकच असे, की आमच्याविषयीचे काहीही आमच्याशिवाय नको. डिसेंबर १९७० च्या कामगार उठावानंतर कामगार काय विचार करतात ते त्यांच्याच तोंडून ऐकण्याचा तो प्रयत्न होता. सरकारी दूरचित्रवाणीने त्याची काटछाट केली. आपल्याविषयी कोण बोलतो आणि आपल्याला बोलू देतो का, हा प्रश्न आपल्याला नवा नाही.

पण माहितीपट त्यांनी सोडून दिले. त्यामागचे कारण त्यांच्या साऱ्या विचाराचे मूळ आहे असे मला वाटते. 'स्टेशन' या १९८० च्या लघुपटासाठी ते वॉर्साच्या रेल्वे स्थानकावर रात्री चित्रण करत होते. एका रात्री पोलिसांनी त्यांचे चित्रण ताब्यात घेतले. एका मुलीने आईचा खून करून प्रेत स्थानकावरच्या सामानाच्या कपाटात ठेवल्याचा संशय होता, आणि ती चित्रणात आली आहे का हे पोलिसांना पाहायचे होते. ती आलेली नव्हती. पण ती आली असती तर? किस्लोव्हस्कींच्या मनात विचार आला, की कॅमेरा दोन वीत उजवीकडे वळला असता तर आपण नकळत पोलिसांचे खबरे झालो असतो. खऱ्या माणसाच्या खऱ्या अश्रूंचे चित्रण करण्याचा अधिकार आपल्याला आहे का, हा प्रश्न त्यांना छळू लागला. मग त्यांनी नटांकडे मोर्चा वळवला.

गंमत पाहा. १९८० मध्ये ज्या कॅमेऱ्याची त्यांना भीती वाटली, तोच कॅमेरा १९८२ मध्ये माणसांना वाचवत होता. कॅमेरा कोणाकडे वळलेला आहे, दुबळ्याकडे की सत्तेच्या खुर्चीवर बसलेल्याकडे, यावर सगळे ठरते. हे वाक्य माझे आहे, त्यांचे नाही. ते असे निष्कर्ष काढत नसत. प्रसंग समोर ठेवून ते बाजूला होत.

त्यांना तत्त्वचिंतक दिग्दर्शक म्हटले जाते. या शब्दाने घाबरून जायला नको. त्यांच्या चित्रपटांत कोणी तत्त्वज्ञानावर व्याख्यान देत नाही. 'आंधळा योगायोग' या चित्रपटात वितेक नावाचा एक तरुण धावत्या गाडीमागे पळतो. चित्रपट तीन शक्यता दाखवतो. गाडी मिळाली तर तो कम्युनिस्ट पक्षात जातो, स्थानकावरच्या रखवालदाराशी झटापट होऊन गाडी चुकली तर सरकारविरोधी गटात जातो, आणि नुसतीच चुकली तर राजकारणापासून दूर राहून डॉक्टर होतो. तिन्ही वेळी माणूस तोच आणि तितकाच प्रामाणिक. १९८१ मध्ये तयार झालेला हा चित्रपट सरकारने १९८७ पर्यंत दाबून ठेवला. ज्या कार्यकर्त्यांना 'तो त्या गटात गेला म्हणजे विकला गेला' असे झटकन म्हणायची सवय आहे, त्यांनी हा चित्रपट एकदा पाहावा. आपल्याकडे गट थोडे नाहीत.

पिएसेविच यांच्याबरोबरचा पहिला चित्रपट 'अंत नाही' हा १९८५ चा. नायक वकील आहे आणि चित्रपट सुरू होतो तेव्हा तो मेलेला आहे. त्याचा अशील एक तरुण कामगार, संप संघटित केला म्हणून अटकेत. खटला एका म्हाताऱ्या वकिलाकडे जातो. हा म्हातारा हुशार आहे, थकलेला आहे. 'थोडे नमते घे, तडजोड कर, घरी जा,' हा त्याचा सल्ला. तरुण सुटतो, पण सुटताना त्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा भाव नाही. सत्ताधाऱ्यांना हा चित्रपट आवडला नाही, विरोधकांना आवडला नाही आणि चर्चलाही आवडला नाही. जामिनाच्या अटी मान्य करून घेणाऱ्या, माफीनाम्यावर सही कर म्हणून अशिलाला समजावणाऱ्या प्रत्येक वकिलाने तो म्हातारा आरशात पाहिलेला असतो.

त्यानंतर आली 'डेकालॉग' ही दहा भागांची मालिका. १९८८ मध्ये ती तयार झाली आणि १९८९-९० मध्ये पोलिश दूरचित्रवाणीवर दाखवली गेली. कल्पना पिएसेविचची. दहा आज्ञांवर दहा चित्रपट, प्रत्येकी तासाभराचे, आणि सगळी पात्रे वॉर्सातल्या एकाच करड्या इमारतींच्या वसाहतीत राहणारी. एका भागातला नायक दुसऱ्या भागात लिफ्टमध्ये उभा दिसतो. बायबलमधल्या दहा आज्ञा म्हटल्यावर आपला वाचक भुवया उंचावेल. बाविस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने दहा आज्ञांचा सिनेमा का पाहावा? कारण किस्लोव्हस्की आज्ञेचा प्रचार करत नाहीत, ते तिला साक्षीच्या पिंजऱ्यात उभे करतात आणि उलटतपासणी घेतात.

आठव्या भागात तर हे अगदी स्पष्ट आहे. नीतिशास्त्राच्या एका वृद्ध प्राध्यापिकेच्या वर्गात अमेरिकेहून आलेली एक स्त्री एक प्रसंग सांगते. १९४३ साल, नाझींच्या ताब्यातले वॉर्सा. सहा वर्षांच्या एका ज्यू मुलीला वाचवायचे तर तिच्या बाप्तिस्म्याचा कागद हवा. एक ख्रिस्ती जोडपे आधी हो म्हणते आणि ऐन वेळी दार बंद करते. कारण काय, तर खोटी साक्ष देऊ नये ही देवाची आज्ञा आहे. मुलगी संचारबंदीच्या रात्री रस्त्यावर. दार बंद करणारी ती बाई म्हणजे वर्गात शिकवणारी ही प्राध्यापिका, आणि गोष्ट सांगणारी स्त्री म्हणजे ती मुलगी. खरे कारण पुढे वेगळेच निघते. पण धर्माचा नियम पुढे करून लेकराला उंबऱ्याबाहेर ठेवणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी पोलंडहून येऊन समजावून सांगण्याची गरज नाही. किस्लोव्हस्की त्या प्राध्यापिकेला राक्षस करत नाहीत, हे मात्र शिकण्यासारखे आहे. ती पुढे कित्येकांना वाचवते. तरी त्या एका रात्रीचा हिशेब मिटत नाही.

पहिल्या भागाविषयी आपल्या बुद्धिवादी मित्रांची नाराजी असते, आणि ती मी खोटी मानत नाही. एक प्राध्यापक बाप संगणकावर गणित करून ठरवतो की तळ्यावरचा बर्फ आपल्या मुलाचे वजन पेलेल. बर्फ फुटतो, मुलगा बुडतो. म्हणजे विज्ञानावर विश्वास ठेवणाऱ्याला देवाने शिक्षा केली काय? तसे वाचणारे बरेच आहेत. पण एक तपशील विसरला जातो. गणितावर विसंबून न राहता हा बाप रात्री स्वतः त्या बर्फावर चालून पाहतो. करायला हवे ते सगळे त्याने केले होते. शेवटी तो चर्चमध्ये जाऊन वेदी उलथून टाकतो, आणि देव काही उत्तर देत नाही. ज्या वेदीसमोर बाप एकटाच उभा आहे आणि पलीकडे कोणीही नाही, तो चित्रपट भक्तीचा कसा म्हणावा, हे मला अजून समजलेले नाही.

आता पाचव्या भागाकडे येतो. त्याचीच मोठी आवृत्ती 'अ शॉर्ट फिल्म अबाउट किलिंग' या नावाने १९८८ मध्ये चित्रपटगृहांत आली. कान महोत्सवात तिला ज्युरी पारितोषिक मिळाले आणि युरोपियन चित्रपट पुरस्कार सुरू झाले त्या पहिल्याच वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला. पटकथा एका फौजदारी वकिलाच्या हातची आहे, हे प्रत्येक दृश्यात जाणवते.

यात्सेक हा वीस वर्षांचा, खेड्यातून शहरात आलेला तरुण. शहरभर भटकतो, दोरी हाताशी गुंडाळतो, एका टॅक्सीत बसतो आणि निर्जन जागी त्या चालकाचा खून करतो. कारण सांगितलेले नाही. हा खून पडद्यावर सुमारे सात मिनिटे चालतो. आपण हिंदी चित्रपटांत गोळी लागली की माणूस पडला, असे पाहत आलो. इथे माणूस मरत नाही. तो पुन्हा पुन्हा जगायची धडपड करतो आणि मारणारा थकतो. सात मिनिटे संपतात तेव्हा प्रेक्षकाच्या मनात या पोराविषयी दयेचा लवलेश उरत नाही. दिग्दर्शकाला हेच हवे आहे.

मेलेला टॅक्सीचालकही काही सज्जन दाखवलेला नाही. थंडीत वाट पाहणाऱ्या प्रवाशांना टाळून तो मजेत निघून जातो, पोरींकडे वाईट नजरेने पाहतो. आणि तोच आपल्या डब्यातला अर्धा घास रस्त्यावरच्या कुत्र्याला देतो. चांगल्या माणसाचा खून वाईट आणि वाईट माणसाचा तेवढा वाईट नाही, अशी पळवाट चित्रपट ठेवत नाही.

मग चित्रपट एक मोठी उडी घेतो. तपास नाही, अटक नाही, साक्षी-पुरावे नाहीत. थेट निकाल लागून संपलेले न्यायालय दिसते. पिओत्र या नव्या वकिलाची ही पहिलीच केस. तो हरला आहे. न्यायाधीश त्याला सांगतो, की फाशीच्या विरोधातले इतके चांगले भाषण मी अनेक वर्षांत ऐकले नव्हते. ते भाषण आपल्याला ऐकवलेच जात नाही! मला हे वकील म्हणून आधी खटकले होते. दोन-तीनदा पाहिल्यावर कळले, की पिएसेविचला भाषणाची किंमत ठाऊक आहे. उत्तम युक्तिवाद झाला, न्यायाधीशाने वाखाणला आणि माणूस तरी फासावर गेला. तो युक्तिवाद ऐकून आपणही टाळ्या वाजवून घरी गेलो असतो.

फाशीच्या आधी यात्सेक वकिलाशी बोलतो. खटल्यात काय झाले ते त्याने ऐकलेलेच नव्हते. त्याला आठवते ते एवढेच, की पोलिसांच्या गाडीत चढताना या वकिलाने खिडकीतून त्याला नावाने हाक मारली होती. मग तो आपल्या लहान बहिणीविषयी सांगतो. दारू प्यायलेल्या मित्राच्या ट्रॅक्टरखाली ती गेली, आणि ती दारू यात्सेकनेच त्याच्याबरोबर घेतलेली होती. ही माहिती शिक्षेच्या सुनावणीत आली होती का? आपल्याकडे फौजदारी प्रक्रियेत शिक्षेवर वेगळी सुनावणी १९७३ च्या संहितेपासून आहे. 'दुर्मिळातले दुर्मिळ' हा निकष १९८० च्या बच्चनसिंग खटल्यातला. पण आरोपीचे आयुष्य, त्याचे घर, त्याचे बालपण यांची चौकशी करून ती न्यायालयापुढे ठेवायला खालच्या न्यायालयात कोणाला वेळ असतो? निकालाच्याच दिवशी दुपारी शिक्षेवर दोन वाक्ये ऐकून घेतली की काम संपते.

त्यानंतरची पाच मिनिटे फाशीची आहेत. फाशी देणारा येतो, यंत्राला तेल घालतो, दोराची उंची बघतो, खाली एक भांडे ठेवतो. यात्सेकला सिगारेट देतात, तर तो म्हणतो बिनफिल्टरची असेल तर बरे. आणि मग अंगावर धावून जाणारी, ओरडणारी सात-आठ सरकारी माणसे एका पोराला ओढत नेतात. ज्या पोराविषयी मघाशी दया नव्हती, त्याच्याकडे पाहवत नाही. हे दृश्य चित्रित करताना दिग्दर्शकासह सगळ्यांचे पाय लटपटले आणि काम थांबवावे लागले, असे किस्लोव्हस्कींनी सांगितले आहे. सगळे ठाऊक होते, भिंती खोट्या होत्या, नट मरणार नव्हता, तरीही. दोन्ही खुनांत दोरी आहे. फरक एवढाच, की दुसऱ्या वेळी कागदपत्रे व्यवस्थित आहेत.

पोलंडमध्ये शेवटची फाशी एप्रिल १९८८ मध्ये झाली, म्हणजे हा चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतर लगेच. त्यानंतर कोणालाच फाशी दिली गेली नाही आणि १९९७ च्या नव्या दंडसंहितेने ती शिक्षाच काढून टाकली. एका चित्रपटाने हे केले असे म्हणणे अतिशयोक्ती होईल. तिकडे राजवटच बदलली. पण त्या काळातल्या वादात हा चित्रपट मध्यभागी होता, हे खरे आहे.

आपल्यासाठी हा विषय परका नाही. ३ जून १९४९ रोजी संविधान सभेत, फाशीच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयात अपिलाचा हक्क असावा का यावर चर्चा चालू होती. तेव्हा बाबासाहेबांनी स्पष्ट सांगितले, की अपिलाची तरतूद करण्यापेक्षा आपण फाशीची शिक्षाच रद्द करण्याच्या बाजूने आहोत. बाबासाहेबांचे हे मत आपल्या सभांत किती वेळा उद्धृत होते? फार कमी. अत्याचाराची भीषण घटना घडली की आपणही मोर्चात 'फाशी द्या'चे फलक घेऊन उतरतो. तो राग मला कळतो, मी स्वतः त्या मोर्चांत चाललो आहे आणि पुढेही चालेन. पण फाशीच्या कोठडीत प्रत्यक्षात कोण बसलेले असतात? दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार फाशीची शिक्षा झालेल्या कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश आर्थिकदृष्ट्या दुर्बल होते, आणि जवळपास तेवढेच मागास जाती-जमाती आणि धार्मिक अल्पसंख्याकांतले होते.

आणि नाशिक जिल्ह्यातले ते प्रकरण आठवा. २००३ मध्ये एका कुटुंबावर अमानुष हल्ला झाला. भटक्या जमातीतल्या सहा माणसांना धरले गेले. त्यांना फाशी झाली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली, तर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने फेरविचार करून सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश दिला. त्यांतला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. सोळा वर्षे गेली. यात्सेक निदान दोषी होता.

शेवटचे तीन चित्रपट, 'निळा', 'पांढरा' आणि 'लाल', १९९३-९४ मध्ये आले. फ्रान्सच्या झेंड्याचे रंग आणि स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तीन तत्त्वे. इथे आपला वाचक कान टवकारेल, आणि टवकारावेच. बाबासाहेबांनी १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात सांगितले होते, की आपले तत्त्वज्ञान या तीन शब्दांत आहे, पण ते आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून घेतले नसून बुद्धाच्या शिकवणीतून घेतले आहे. किस्लोव्हस्कींना बुद्ध ठाऊक असण्याचे कारण नाही. त्यांना पैसा फ्रान्सचा मिळाला होता, तेव्हा झेंडाही फ्रान्सचाच, असे ते स्वतःच थट्टेने म्हणत.

'पांढरा' हा समतेचा चित्रपट, आणि माझे त्यांच्याशी भांडण इथेच आहे. कारोल हा पोलिश न्हावी पॅरिसच्या न्यायालयात उभा आहे. फ्रेंच बायकोला घटस्फोट हवा आहे. त्याला फ्रेंच धड येत नाही. दुभाष्यामार्फत तो विचारतो, की समता कुठे आहे? मला भाषा येत नाही म्हणून न्यायालय माझे ऐकणार नाही काय? आपल्या न्यायालयांत रोज हा प्रश्न उभा असतो. गोंडी किंवा भिली बोलणाऱ्या साक्षीदाराचा जबाब मराठीत लिहिला जातो, वरच्या न्यायालयात त्याचे इंग्रजी होते, आणि मग त्या इंग्रजीतला विरोधाभास दाखवून आरोपी सुटतो. इथपर्यंत चित्रपट आपलाच आहे. पण पुढे कारोल देशी परततो, जमिनीच्या व्यवहारांत श्रीमंत होतो आणि बायकोवर सूड उगवून तिला तुरुंगात पोचवतो. दिग्दर्शकाचे म्हणणे असे, की समता खरे तर कोणालाच नको असते, प्रत्येकाला दुसऱ्यापेक्षा थोडे अधिक समान व्हायचे असते.

हे निरीक्षण धारदार आहे, पण ते कोठून आले ते पाहा. ज्या देशात चाळीस वर्षे समता हा सरकारी फलकावरचा शब्द होता आणि दुकानासमोर रांगा होत्या, तिथल्या माणसाचा हा कडवटपणा आहे. ज्याला विहिरीवर जाऊ दिले नाही, त्याला पाटलापेक्षा जास्त पाणी नको होते. महाडला २० मार्च १९२७ रोजी तळ्याचे पाणी ओंजळीत घेणाऱ्या माणसांना समता हवी होती, निव्वळ समता. कारोलची गोष्ट खरी असू शकते, पण ती समतेची गोष्ट नव्हे. ती अपमानाची आणि एकट्याने उगवलेल्या सुडाची गोष्ट आहे. कारोलबरोबर कोणी नव्हते. महाडला हजारो होते.

तरी हा दिग्दर्शक आपल्यापासून फार दूर नाही, कारण त्याने हे तीन चित्रपट एकमेकांत गुंतवले आहेत. 'निळा'मधली ज्युली नवरा आणि मुलगी अपघातात गमावून सर्व बंधनांतून मोकळी होते. घर विकते, कोणाशी नाते नको म्हणते. हे तिचे स्वातंत्र्य, आणि ते किती पोकळ आहे हे हळूहळू कळते. एकदा ती न्यायालयात कोणाला तरी शोधत एका दालनाचे दार ढकलते. आत कारोल समता कुठे आहे म्हणून विचारतो आहे. तिला बाहेर काढले जाते. स्वातंत्र्याने समतेचे म्हणणे अर्धवट ऐकले आणि दार बंद झाले. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी बजावले होते, की या तिघांना वेगळे करता येणार नाही आणि बंधुतेशिवाय स्वातंत्र्य व समता हे वरवर दिलेल्या रंगाच्या थरांपेक्षा खोल जाणार नाहीत. रंगाचे थर! 'तीन रंग' पाहताना ही उपमा माझ्या मनातून जात नाही.

'लाल' मधला बंधुतेचा शोध एका निवृत्त न्यायाधीशावर येऊन थांबतो. जिनिव्हातला हा म्हातारा शेजाऱ्यांचे फोन चोरून ऐकतो. आयुष्यभर निवाडे दिले, आता निवाडा न देता नुसते ऐकतो. व्हॅलेंतीन नावाची तरुणी त्याच्या आयुष्यात येते. तिच्या डोळ्यांतली घृणा पाहून तो स्वतःच पत्रे लिहून आपला गुन्हा उघड करतो. शेजारी त्याच्या खिडक्यांवर दगड मारतात. तो ते दगड जपून ठेवतो आणि म्हणतो, त्यांच्या जागी मी असतो तर मीही मारले असते. ज्यांना मी शिक्षा दिली त्या प्रत्येकाच्या जागी असतो, तर मीही चोरी केली असती, खून केला असता. तो एक जुना खटलाही सांगतो. एका खलाशाला त्याने निर्दोष सोडले होते आणि तो दोषी होता हे नंतर कळले. त्याचे पुढे काय झाले याची त्याने चौकशी केली. लग्न केले, मुले झाली, नातवंड झाले, सुखाने जगतो आहे. व्हॅलेंतीन म्हणते, मग तुम्ही त्याला वाचवलेत.

न्यायाधीशाने असे हळवे व्हावे का? पीडिताचा वकील म्हणून मला हा प्रश्न टोचतो. खैरलांजीच्या २००६ च्या हत्याकांडात जे गेले, त्यांच्या बाजूने उभे राहून 'मीही त्यांच्या जागी असतो तर' हे वाक्य आरोपींसाठी उच्चारता येत नाही. पण तो म्हातारा हे वाक्य खुर्चीवरून उतरल्यावर, स्वतःच्या फुटलेल्या खिडकीजवळ उभे राहून बोलतो. खुर्चीवर असताना ज्यांना हे कधी सुचले नाही, अशांसमोर आपण रोज उभे असतो.

'लाल' नंतर किस्लोव्हस्कींनी निवृत्ती जाहीर केली आणि १३ मार्च १९९६ रोजी हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर वयाच्या ५४ व्या वर्षी ते गेले. स्वर्ग, नरक आणि शुद्धिस्थान अशी नवी त्रयी दोघा क्रिस्तॉफांनी हाती घेतली होती. 'हेवन' टॉम टिक्वर यांनी २००२ मध्ये केला, नरकावरचा चित्रपट दानिस तानोविच यांनी २००५ मध्ये. पिएसेविच पुढे पोलंडच्या सिनेटमध्ये निवडून गेले.

ज्यांना सुरुवात करायची आहे, त्यांनी एकदम 'तीन रंग'कडे जाऊ नये. डेकालॉगचा आठवा भाग तासाभराचा आहे, तो आधी पाहावा. मग 'किलिंग', ८४ मिनिटांचा. विधी महाविद्यालयातल्या आपल्या मुलांना वसतिगृहात तो एकत्र दाखवावा आणि दिवे लगेच लावू नयेत. चर्चा दुसऱ्या दिवशी ठेवली तरी चालेल.